पीकसल्ल्यात मित्रकीटकांनाही जागा मिळावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला येणारा पीकसल्ला मी गेली अनेक वर्षे न चुकता वाचतो. आमच्या गावच्या विकास सोसायटीत तो कापून फलकावर लावला जातो आणि ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नाही, तेही तो उभ्या उभ्या वाचून मगच पुढे जातात. इतक्या विश्वासाने वाचल्या जाणाऱ्या या सदरात एक उणीव मला बरेच दिवस जाणवत आहे आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. कीड कोणती, तिच्यावर औषध कोणते आणि दहा लिटर पाण्यात ते किती मिली घालायचे, एवढे सांगून हा सल्ला बहुतेक वेळा संपतो. ती कीड आपल्या शेतात किती आहे हे कसे मोजावे, किती झाल्यावर फवारणीचा खर्च भरून निघतो आणि तिलाच खाऊन जगणारे कोणते मित्रकीटक त्याच पानाच्या पाठीमागे असू शकतात, याबद्दल त्यात क्वचितच काही असते.

ही मागणी मी पुस्तक वाचून करीत नाही. मी सांगली जिल्ह्यातला ऊस उत्पादक आहे. 2002 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा त्याचे नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. ही कीड त्याआधी ईशान्य भारतात होती, पण आमच्याकडच्या जुन्या जाणत्या शेतकऱ्यांनीही ती कधी पाहिलेली नव्हती. उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर दिसे. त्यातून पाझरणारा गोड चिकट स्राव खालच्या पानांवर पडे, त्यावर काळी बुरशी वाढे आणि काही दिवसांत हिरवागार फड काजळी फासल्यासारखा दिसू लागे. फडात शिरून बाहेर आले की डोक्यावर, खांद्यावर पांढरी भुकटी बसलेली असे. आता ऊस जळणीलाच जाणार, अशी भीती प्रत्येक घरात होती.

आम्ही जे मिळेल ते फवारले. ऑगस्टअखेर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, आत शिरता येत नाही, त्यामुळे पाठीवरच्या पंपाने बांधाकडेच्या आणि पाटाकडेच्या तीन-चार सऱ्या तेवढ्या भिजत. त्या सऱ्यांवर आम्ही दोनदा, काहींनी तीनदा फवारणी केली. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस मावा गेल्यासारखा वाटे आणि पुन्हा पूर्वीपेक्षा दाट होऊन येई. दिवाळीच्या सुमारास ऊस किती हाती लागेल याचा अंदाज घ्यायला मी आणि धाकटे बंधू पाचट बाजूला सारत प्लॉटच्या मध्यापर्यंत गेलो, तेव्हा तिथले दृश्य निराळे होते. जिथे औषधाचा एक थेंबही पोहोचला नव्हता, तिथल्या पानांवर लोकर फाटलेली, तपकिरी पडलेली आणि आतून रिकामी होती. तिच्यावर रेशमी धाग्यांचे पातळ जाळे होते आणि त्या जाळ्याखाली बारीक अळ्या सरकत होत्या. खरे सांगायचे तर त्या पाहून आम्ही आणखी घाबरलो. माव्याच्या पाठोपाठ अळीही आली असे समजून ती पाने आम्ही साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नेली आणि या अळीवर काय फवारायचे, असे विचारले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पाने हातात घेतली आणि सांगितले, की हिच्यावर काही फवारू नका, ही मावा खाणारी अळी आहे, हिचे नाव डिफा.

पुढचा इतिहास आमच्या भागातल्या पुष्कळांना आठवत असेल. डिफाची अळी आणि मायक्रोमस नावाच्या लहानशा तपकिरी जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी, या दोघांनी लोकरी माव्याला आवर घातला. हेक्टरी 1000 डिफाच्या अळ्या किंवा 2500 मायक्रोमसच्या अळ्या सोडाव्यात अशी शिफारस झाली. शेतातच शेडनेट उभारून त्याखाली मावा लागलेल्या उसावर डिफा वाढवली गेली आणि ज्यांच्याकडे ती भरपूर होती त्यांच्या फडातली पाने कापून इतरांच्या फडात बांधली गेली. मांजरीची वसंतदादा साखर संस्था, कृषी विद्यापीठ आणि कारखाने यांनी त्या काळात केलेले काम फार मोलाचे होते. पुढे एन्कार्सिया नावाची, माव्याच्या अंगात अंडे घालणारी अतिसूक्ष्म गांधीलमाशी आसाममधून दक्षिणेकडे आणून सोडण्यात आली. आज आमच्याकडे लोकरी मावा अधूनमधून दिसतो, पण त्याने फड गेला असे ऐकायला मिळत नाही. आमच्या फवारण्यांनी मात्र त्या वर्षी कडेच्या सऱ्यांतली डिफा मारली आणि मावा जगवला.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे आणि ते सोप्या भाषेत सांगता येते. किडीला खाणारा कीटक नेहमी किडीच्या मागून येतो, कारण खायला असल्याशिवाय तो तिथे टिकूच शकत नाही. किडीची संख्या वाढू लागते, तेव्हा त्याची संख्या नुकती कुठे वाढायला लागलेली असते. नेमक्या त्याच वेळी आपण फवारणी करतो. मावा पानाला चिकटून एका जागी बसलेला असतो. ढालकिडा, क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची अळी किंवा कोळी भक्ष्य शोधत पानापानावरून फिरतो, त्यामुळे फवारलेल्या पृष्ठभागाशी त्याचा संबंध कितीतरी जास्त येतो आणि विषारी झालेला मावाही तोच खातो. फवारणीतून काही मावा वाचतोच. तो आठवड्याभरात पिल्ले देऊ लागतो आणि आता त्याला खाणारे कोणी उरलेले नसते. आपण समजतो की औषध कमी पडले, म्हणून पुढच्या वेळी दोन औषधे एकत्र करून मारतो.

हे काही केवळ आमच्या उसात घडलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा 1880 च्या दशकात एका खवले किडीने जाण्याच्या बेतात होत्या. 1888 मध्ये अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून रोडोलिया जातीचा ढालकिडा गोळा करून पाठवला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस ती कीड नगण्य झाली. उपयुक्त कीटक आणून कीड आवरण्याचे आधुनिक शास्त्र या घटनेपासून मोजले जाते. मला त्याच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो फारसा सांगितला जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच राज्यातल्या बागांत डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाला, त्याने हा ढालकिडा मेला आणि सुमारे साठ वर्षे दबून राहिलेली खवले कीड पुन्हा उसळली. आपल्याकडे 1980 च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके कापसात सरसकट वापरली जाऊ लागली, तेव्हा आंध्र प्रदेशात पांढऱ्या माशीचा उद्रेक झाला. इंडोनेशियात भातावरचे तपकिरी तुडतुडे जितके फवारावे तितके वाढतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर तिथल्या सरकारने 1986 मध्ये भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि कीटकनाशकांवरचे अनुदानही पुढे बंद केले. भाताचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. शेतकऱ्यांनी गटाने बांधावर बसून कीड आणि मित्रकीटक दोन्ही मोजायचे, ही शेतीशाळेची पद्धत त्याच अनुभवातून तिथे उभी राहिली आणि आज आपला कृषी विभाग ज्या शेतीशाळा घेतो त्यांचे मूळ तिथे आहे.

कापसाबद्दल लिहिताना मन जड होते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, माणसे वाऱ्याच्या तोंडावर उभी राहून, हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय, अनेक औषधांचे मिश्रण फवारत होती, हे सर्व त्या वेळी आपल्या पानांवर येऊन गेले आहे. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी पोखरली. 2006 मध्ये बीटी कपाशीचे, म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारे जनुक घातलेल्या कपाशीचे, दोन जनुकांचे वाण आले तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सगळ्यांनाच वाटले होते. दहा-अकरा वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद देणे सोडले. ही अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात पात्यात, म्हणजे फुलाच्या कळीत, किंवा बोंडात शिरते आणि बाहेरचे छिद्र बुजून जाते. त्यानंतर वरून कितीही फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारणारा माणूस मात्र त्या विषात तासन् तास उभा असतो.

या अळीसाठी मोजणीची पद्धत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी केव्हाच घालून दिलेली आहे. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून अधिक नर पतंग सापडले, किंवा शेतातली दहा टक्के फुले-बोंडे किडलेली आढळली, म्हणजे उपाय करायची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या न उमललेली गुलाबाच्या कळीसारखी फुले, दिसताच तोडून नष्ट कराव्यात. पतंग अंडी घालत असतानाच, त्या अंड्यांत आपले अंडे घालून ती मारणारी ट्रायकोग्रामा जातीची परोपजीवी गांधीलमाशी कार्डांच्या रूपाने सोडावी. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढे राखून घेतलेले पीक, घेऊ नये. यातला एकही उपाय नवा नाही आणि एकही फार महाग नाही, तरीही माझे मराठवाड्यातले व्याही मला फोनवर विचारतात ते एवढेच, की यंदा कोणते औषध चांगले निघाले आहे. दोष त्यांचा नाही. त्यांच्यापर्यंत दर आठवड्याला जे पोहोचते ते औषधाचे नाव असते. सापळ्यातले पतंग मोजा, असे त्यांना कोणी तितक्या नियमाने सांगत नाही.

या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांत तथ्य आहे, हे मला मान्य केले पाहिजे. मित्रकीटक प्रत्येक किडीला पुरे पडत नाहीत. हुमणीचेच उदाहरण घ्या. ही भुंगेऱ्याची अळी जमिनीत मुळे खाते, तिथे ढालकिडा काय करणार? तिच्यासाठी वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवर येणारे भुंगेरे सगळ्या गावाने मिळून रात्री फांद्या हलवून गोळा करायचे, हाच खरा उपाय आहे आणि एकट्याने केला तर तो फुकट जातो. ट्रायकोकार्ड हीही नाजूक वस्तू आहे. तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही गांधीलमाशी प्रयोगशाळेत वाढवतात. कार्डावर तिची वाढ पूर्ण होऊन ती बाहेर पडायला थोडेच दिवस लागतात, त्यामुळे कार्ड वेळेवर मिळाले नाही, उन्हात पडून राहिले किंवा लावल्यावर दोन दिवसांत शेजाऱ्याने जालीम औषध मारले, तर सगळे वाया जाते. गरज असते तेव्हा कार्ड मिळत नाही आणि मिळते तेव्हा अंडी घालण्याचा काळ उलटलेला असतो, ही तक्रार मी स्वतः अनेकदा केली आहे. किडीने नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर फवारावेच लागते आणि मीही फवारतो. माझे म्हणणे फवारणीच्या विरुद्ध नाही; न मोजता केलेल्या फवारणीच्या विरुद्ध आहे.

मोजायला शेतकऱ्याला वेळ कुठे, असेही विचारले जाते. एका एकरात कोपरे सोडून वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडे पाहायला अर्धा तासही लागत नाही. कपाशीच्या पानावर मावा किंवा फुलकिडे सरासरी दहा, तुडतुडे दोन ते तीन, यापलीकडे गेल्याशिवाय फवारणी करू नये, हे आकडे लक्षात ठेवायला कठीण नाहीत. दोन किडींमागे एक मित्रकीटक दिसत असेल तर थांबावे आणि चार दिवसांनी पुन्हा पाहावे, असा एक सर्वसाधारण ठोकताळा कृषी परिसंस्था विश्लेषणात, म्हणजे शेतातल्या किडी आणि मित्रकीटक एकत्र मोजून निर्णय घेण्याच्या पद्धतीत, सांगितला जातो. अडचण मोजण्याची नसून ओळखण्याची आहे. ढालकिडा सगळे ओळखतात, लहान मुलेही तो हातावर घेतात. पण त्याची अळी काळसर, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली आणि सुसरीसारखी दिसते. ती पाहिली की हात पंपाकडे जातो. क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठाच्या टोकाला पांढऱ्या ठिपक्यांसारखी उभी असतात आणि ती बुरशी आहे असे समजून बुरशीनाशक मारणारे शेतकरी मी पाहिले आहेत. माव्यात फिरणारी सिरफिड माशीची अळी पाय नसलेली आणि गोगलगायीच्या पिल्लासारखी असते. मक्यावर अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये आली, तेव्हा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, पांढऱ्या-हिरवट बुरशीने कडक होऊन मेलेल्या अळ्या पुष्कळ ठिकाणी सापडत होत्या. ती बुरशी अळीचा नैसर्गिक रोग होती, तरी मक्यावर नवाच रोग आला अशी चर्चा आमच्या बाजारात ऐकू येत होती.

मधमाश्यांविषयी वेगळे पत्रच लिहायला हवे, तरी एक गोष्ट इथे सांगतो. कांद्याचे बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याच्या गोंड्यात, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या गुच्छात, बी भरणे जवळजवळ पूर्णपणे मधमाश्यांवर आणि इतर कीटकांवर अवलंबून असते. गोंडे फुललेले असताना सकाळी फुलकिड्यांसाठी फवारणी केली, तर फुलकिडे जातील, पण बी भरणार नाही. अशा वेळी सल्ल्यात ‘पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी, अगदी आवश्यक असल्यास मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी’ एवढे एक वाक्य असले, तरी एखाद्याचे वर्षाचे उत्पन्न वाचू शकते.

आपल्या राज्यात क्रॉपसॅप या कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पाखाली 2009-10 पासून प्रमुख पिकांवरील किडींचे नियमित सर्वेक्षण होते आणि कोणत्या भागात कोणती कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली आहे, ही माहिती गोळा होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे जाणकार आहेत. म्हणजे मी मागत असलेली माहिती तयार आहे. ती फलकावर लावलेल्या त्या कात्रणापर्यंत यायची राहिली आहे. म्हणून माझी आपल्याला विनंती अशी, की पीकसल्ल्यात औषधाचे नाव छापण्याआधी ती कीड कशी मोजावी आणि तिची नुकसानीची पातळी काय आहे, हे छापले जावे. त्या किडीच्या एखाद्या मित्रकीटकाचे छायाचित्र, शक्यतो त्याच्या अळीचे किंवा कोषाचे, सोबत द्यावे, कारण प्रौढ कीटक शेतकरी ओळखतो आणि चूक अळीपाशी होते. औषध सुचवलेच, तर डब्यावरच्या विषारीपणाच्या त्रिकोणाचा रंग आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये, हेही नमूद करावे. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा, हे आजही पुष्कळ शेतमजुरांना माहीत नाही आणि प्रत्यक्ष पंप त्यांच्याच पाठीवर असतो. जागेची अडचण मी समजू शकतो. त्यासाठी एका आठवड्यात चार पिकांऐवजी दोनच पिके घेतली, तरी वाचकांची तक्रार येणार नाही असे मला वाटते.

सुरुवात हरभऱ्यापासून करता येईल. येत्या काही दिवसांत घाटे अळीचा सल्ला आपल्याकडे येईलच. एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या दिसेपर्यंत फवारणीची घाई करू नये, शेतात पक्षीथांबे उभे करावेत, लहान अळ्यांवर निंबोळी अर्क किंवा घाटे अळीला रोग आणणारा विषाणू सायंकाळी फवारावा, हे त्यात यावे. विषाणूने रोगट झालेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकून मरतात; त्या तशा दिसल्या तर उपाय लागू पडला असे समजून पुन्हा फवारू नये, हेही लिहावे. आणि शेजारी कॅम्पोलेटिस या परोपजीवी गांधीलमाशीच्या कोषाचे छायाचित्र छापावे. हरभऱ्याच्या पानाला चिकटलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, करड्या रंगावर काळे ठिपके असलेला हा कोष आमच्या शेतात दर हिवाळ्यात दिसतो. तो ज्या पानावर आहे, तिथली एक घाटे अळी लहानपणीच मेलेली असते. आमच्या भागातला हरभरा फुलावर यायला अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात हे कात्रण सोसायटीच्या फलकावर लागले तर उपयोगी पडेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ऊस व हरभरा उत्पादक शेतकरी, जि. सांगली